डिंकबाईंचा प्रवेश

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते तिथून बाहेर कधी पडलंच नाही. शाळेतली मुलं त्यांना डिंकबाई म्हणायची. हस्तकलेच्या तासाला त्यांच्या बोटांना कायम डिंक लागलेला असायचा. एकदा तर मुख्याध्यापिकांनी वाचायला दिलेली सूचना त्यांच्या तळहाताला अशी चिकटली, की परत देताना निम्मी हातातच राहिली. ते नाव आधी शिक्षकांच्या खोलीत रुळलं, मग घरी पोचलं, आणि शेवटी नवराही लाडात आला की "काय डिंकबाई?" म्हणूनच हाक मारू लागला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "माझं आयुष्य वर-खाली आणि हिचं चिकटलेलं," असं तो चारचौघांत सांगायचा आणि लोक हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायचा.

चिकटलेलं होतं हे खरंच. एकच शाळा, खिडकीजवळचा तोच वर्ग, तीच रंगीत कागदांची कपाटं. डिंकबाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. चाळिशी मागे पडली होती, मुलगा दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून शिकत होता, घरात दोघंच. आता जे आहे ते असंच चालायचं, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली होती. ती सुटली एका कात्रीमुळे.

त्यांच्या वर्गात सातेक वर्षांची एक मुलगी होती. हुशार, बडबडी, पण कात्री हातात आली की तिचे खांदे कानांना जाऊन टेकायचे, जीभ बाहेर यायची आणि कागदाच्या चिंध्या व्हायच्या. रडकुंडीला यायची बिचारी. डिंकबाईंना ते बघवायचं नाही. त्या तिच्या हातून कात्री घ्यायच्या, पटकन फुलपाखरू कापून द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे बघ, झालं की नाही?" मुलगी मान डोलवायची. पण ते फुलपाखरू ती कधी घरी न्यायची नाही, बाकाच्या खणातच ठेवून जायची.

एके दिवशी शाळेत एक पाहुण्या बाई आल्या. पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्ट, मुख्याध्यापिकांनी मुद्दाम बोलावलेल्या. त्या वर्गात मागे बसून नुसत्या बघत राहिल्या. डिंकबाईंना वाटलं, आता या मुलीची बोटं तपासतील, काहीतरी व्यायाम सांगतील. थेरपिस्टबाई उठल्या, इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातलं जुन्या वह्यांचं खोकं ओढत आणलं आणि मुलीच्या पायाखाली ठेवलं. बस्स. मुलीचे लोंबकळणारे पाय खोक्यावर टेकले, खांदे खाली आले, आणि कात्री कागदावरून सरळ निघाली. अगदी नाकासमोर नाही, थोडी भरकटतच. पण कागद फाटला नाही. मुलगी आधी फुलपाखराकडे बघत राहिली, मग डिंकबाईंकडे, आणि एवढ्या मोठ्यांदा "बाई, मी!" म्हणून ओरडली की शेजारच्या वर्गातून शिक्षक डोकावून गेले.

तास संपल्यावर डिंकबाईंनी थेरपिस्टबाईंना जिन्यातच गाठलं.

"अहो, दुखणं हाताचं आणि तुम्ही पाय धरलेत?"

"पाय अधांतरी असले की सगळी ताकद अंग सावरण्यातच जाते. हाताला काय उरणार?" थेरपिस्टबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः लोंबकळत सुई ओवून बघा."

"हे शिकवतात कुठं?"

थेरपिस्टबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. आपण मुलांसाठी विचारत नाही, स्वतःसाठी विचारतोय, हे डिंकबाईंच्याही त्याच क्षणी लक्षात आलं आणि त्या गोंधळल्या. थेरपिस्टबाई एवढंच म्हणाल्या, "शनिवारी सुट्टी असते ना? केंद्रात या. आधी बघा, मग विचारा."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"ऑक्युपेशनल थेरपी. म्हणजे लोकांना कामधंद्याला लावायचं? मग आधी माझ्या मदतनिसाला घेऊन जा तिकडं."

"कामधंदा म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. दात घासणं, शर्ट घालणं, चहा ओतणं, खेळणं. आजारपणानं, अपघातानं किंवा जन्मापासूनच ते जमत नसेल, तर जमवायला मदत करायची."

"म्हणजे फिजिओथेरपी."

"नाही हो!"

हे "म्हणजे फिजिओथेरपी" पुढचं वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवणार होतं. शेजारीण, दूधवाला, मुलाचे मित्र, बँकेतला माणूस. ज्याला म्हणून सांगितलं तो पहिल्यांदा हेच बोलला. डिंकबाई समजावून समजावून थकल्या आणि शेवटी कुणी म्हणालंच तर "तिची धाकटी बहीण" असं सांगून मोकळ्या होऊ लागल्या.

शनिवारी त्या केंद्रात गेल्या. त्यांना वाटलं होतं मोठी मोठी यंत्रं असतील. तिथं होता एक ओटा, एक गॅस, नळ, पलंग, कपड्यांची दांडी, दाराच्या कड्या आणि कुलुपं ठोकलेली एक फळी. एखाद्याचं घर कापून भिंतीला लावावं तसं. आणि मधोमध एक न्हावी बसला होता, समोर फुगवलेला फुगा घेऊन.

न्हाव्याच्या उजव्या मनगटाला काच लागून स्नायूंच्या दोऱ्या तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवून दिल्या, पण अंगठा ऐकत नव्हता. थेरपिस्टबाईंनी फुग्याला दाढीचा साबण फासला आणि पातं काढलेला वस्तरा त्याच्या हातात दिला. फुगा न फोडता फेस काढायचा. न्हावी दात आवळून कामाला लागला. हात थरथरत होता, फुगा निसटत होता. निसटलेला फुगा डिंकबाईंनी झटकन पुढं होऊन धरला.

"हात मागे," थेरपिस्टबाई शांतपणे म्हणाल्या.

"पडला असता हो."

"पडू दे की. तो उचलेल."

डिंकबाईंनी हात पाठीमागे बांधले. पाच मिनिटांनी ते आपोआप पुढं आले. पुन्हा "हात मागे." त्या सकाळी त्यांना हे इतक्या वेळा ऐकावं लागलं की न्हावीच शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त व्यायाम करताय." मग फुगा फट्‌कन फुटला, फेस तिघांच्याही तोंडावर उडाला, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच तो न्हावी पोट धरून हसला. पहिल्यांदाच, हे थेरपिस्टबाईंनी नंतर सांगितलं.

त्या दिवशी बसमध्ये डिंकबाई खिडकीशी बसल्या. इतकी वर्षं आपण किती फुलपाखरं स्वतःच कापली, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण वाईट वाटण्यापेक्षा उत्सुकताच जास्त होती. या वयात एवढं मोठं काहीतरी माहीत नसणं त्यांना चक्क आवडलं. त्या शनिवारमागून शनिवार जात राहिल्या.

त्यांच्याकडे विज्ञानाची जुनी पदवी होती. लग्नानंतर शाळेत हस्तकलेची जागा रिकामी होती म्हणून त्या तिकडे वळल्या आणि तिथंच रमल्या, एवढंच. आता पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा तर शरीररचनेचा विषय नव्यानं द्यावा लागणार होता. संध्याकाळच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. घरात आरशावर, फ्रिजवर, न्हाणीघराच्या दारावर हाडांची नावं लटकू लागली. मुलाला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, माझ्याआधी पास होऊ नकोस गं, इथं माझी अब्रू जाईल."

आणि याच सुमाराला भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे डिंकबाईंच्या मोठ्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून एका जागी बसली तर शपथ, म्हणून भिंगरी. मानसशास्त्रात पदवी घेऊन घरी बसली होती आणि पुढं काय, या प्रश्नानं तिच्या आईनं तिला भंडावून सोडलं होतं. त्यातून सुटका म्हणून ती मावशीकडे यायची. एका शनिवारी मावशीबरोबर केंद्रात आली. तिथं एका आजोबांना पक्षाघातानंतर एका हातानं बुटाची नाडी बांधायला शिकवत होते. भिंगरी त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि आजोबांची गाठ बसेपर्यंत जागची हलली नाही. डिंकबाईंनी हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "थेरपी लागू पडली म्हणायची."

त्यानंतर मावशी-भाचीचं एकच टेबल झालं. एकाच वर्षी, त्याच तीन संस्थांना दोघींनी अर्ज करायचं ठरलं. पहिली संस्था लांबच्या शहरात, नावाजलेली. दुसरी गावातलीच, विद्यापीठाची. डिंकबाईंचा सगळा जीव तिच्यात. तिसरी शेजारच्या गावातली, नवी, लहानशी. तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी आठवड्याचे शेवटचे दिवस वर्ग भरायचे आणि अभ्यासक्रम वर्षभरानं लांबायचा. ती आपली असू द्यावी म्हणून.

अर्जाबरोबर एक निबंध लिहायचा होता: तुम्हाला हे क्षेत्र का निवडायचं आहे. डिंकबाईंनी दोन दिवस खपून लिहिला आणि भिंगरीला वाचून दाखवला. मानवसेवा, समर्पण, समाजाचं ऋण, सगळं होतं त्यात. भिंगरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मावशी, हे छान आहे. फक्त हे तू नाहीयेस. हे कुणीतरी हार घालून व्यासपीठावर बसलंय."

"मग काय लिहू? फुगा फुटला म्हणून लिहू?"

"हो!"

डिंकबाई तोंड फुगवून बसल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच फुग्यापासून सुरुवात केली. आपले हात पुढं कसे धावतात आणि ते मागं ठेवायला आपल्याला शिकायचंय, एवढंच लिहिलं. निबंध निम्मा झाला. तो वाचून भिंगरी मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

मुलाखतीची बोलावणी आली. गावातल्या संस्थेत दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं. तिथं प्रश्नोत्तरांच्या आधी एक काम दिलं: उजवा हात पट्टीनं अंगाशी बांधायचा आणि डाव्या हातानं शर्ट घालून बटणं लावायची. भिंगरीनं शर्ट मांडीवर पसरला, आधी बांधलेल्या हातावर बाही चढवली, मग दुसरी. सुटसुटीत. डिंकबाईंनी उत्साहाच्या भरात आधी मोकळा हातच बाहीत घातला आणि मग त्यांचा तो हातही अडकला, डोकंही अडकलं. शेजारची एक मुलगी मदतीला धावली. शर्टाच्या आतून डिंकबाईंचा आवाज आला, "नको गं, थांब. मला कळू दे मी कुठं अडकलेय." वेळ संपली तेव्हा एकच बटण लागलं होतं, तेही चुकीच्या काजात.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "झालं आपलं कल्याण."

"मावशी, परीक्षक हसत होते."

"हसणारच. मी परीक्षक असते तर मीही हसले असते."

तिसऱ्या संस्थेची मुलाखत संगणकावरून झाली. शाळेत शांत जागा म्हणून डिंकबाई कागदाच्या गुंडाळ्या ठेवायच्या खोलीत बसल्या होत्या. आवाज मध्येच तुटत होता. पलीकडच्या प्राध्यापकांनी विचारलं, "या कामात तुम्हाला सगळ्यात अवघड काय जाईल?" त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "गप्प बसून बघणं." प्राध्यापक म्हणाले, "काय म्हणालात? आवाज गेला." मग हेच वाक्य त्यांना ओरडून सांगावं लागलं, आणि बाहेरून जाणाऱ्या शिपायानं काळजीनं दार वाजवलं.

मग सुरू झालं वाट बघणं.

वाट बघण्यात डिंकबाई अगदीच कच्च्या निघाल्या. डिंक वाळेपर्यंत मुलांना थांबायला शिकवणारी ही बाई तासातासाला फोन उघडून बघायची. पातेल्यातलं दूध दोनदा उतू गेलं. पहिलं उत्तर आलं ते लांबच्या नावाजलेल्या संस्थेचं, मधल्या सुट्टीत: आम्हाला खेद वाटतो. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि उरलेले तास घेतले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा मात्र डोळे भरले. त्यानं कधी नव्हे तो विनोद केला नाही. चहा केला. साखर घालायची विसरला, आणि दोघांनीही तो तसाच प्यायला.

भिंगरीला काय उत्तर आलं ते कळेना. "अजून नाही," ती म्हणाली. मग तिचं येणंच कमी झालं. आज डोकं दुखतंय, उद्या मैत्रिणीकडे जायचंय. टेबलावर तिच्या बाजूची खुर्ची रिकामी. काही दिवसांनी गावातल्या संस्थेचं उत्तर आलं: प्रतीक्षायादी. जागा रिकामी झाली तर कळवू. डिंकबाईंनी उत्साहानं भिंगरीला फोन लावला, तो तिच्या आईनं उचलला.

"अगं ताई, मी तळ्यात-मळ्यात आहे बघ. नाही असंही नाही, हो असंही नाही! तिचं काय झालं?"

"तिचं? तिचं तर दोन्हीकडे झालं की! तुला सांगितलं नाही तिनं?"

"अय्या, छान!" एवढं कसंबसं म्हणून डिंकबाईंनी फोन ठेवला. हेवा होता का? होता, थोडा. तो नाकारण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण त्याहून जास्त लागलं होतं ते लपवणं.

त्या चप्पल घालून तशाच निघाल्या. बहिणीचं घर चार गल्ल्या पलीकडे. भिंगरी गच्चीत कपडे वाळत घालत होती. मावशीला बघून तिच्या हातातला चिमटाच गळून पडला.

"मी काचेची आहे का गं?" डिंकबाईंनी विचारलं.

"मावशी..."

"सांग ना. फुटले असते?"

भिंगरी रडायलाच लागली. "तू मला तिथं नेलंस. तुझ्यामुळे मला कळलं मला काय करायचंय. आणि मला दोन जागा, तुला एकही नाही. मी काय तोंडानं सांगू? मी ठरवलंय, मी गावातली सोडते आणि लांबचीही सोडते. पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून..."

"गप्प!" डिंकबाई इतक्या जोरात म्हणाल्या की समोरच्या गच्चीतल्या बाईनं वळून बघितलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, माझं फुलपाखरू तू कापू नकोस. मला जमेल किंवा नाही जमणार, ते माझं माझ्यापाशी. तुला कुठं जायचंय ते सांग. माझं नाव मध्ये न आणता सांग."

भिंगरीनं ओल्या चादरीचं टोक पिळलं. "लांबच्या संस्थेत," ती म्हणाली. "मला एकदा घरापासून लांब राहून बघायचंय. पण आईला सांगू नको हं हे कारण."

"नाही सांगत. आता तोंड पूस. आणि मला नीट सांग, पत्र आलं तेव्हा तू काय केलंस?"

"न्हाणीघरात जाऊन नाचले."

"आणि मला नाही बोलावलंस!" असं म्हणून डिंकबाईंनी तिला जवळ घेतलं. चादर दोघींच्या मध्ये आली आणि दोघी ओल्या झाल्या. हेवा गेला नव्हता, पण आता तो ओळखीचा झाला होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसासारखा, त्रास न देणारा.

भिंगरीनं गावातली जागा सोडली. डिंकबाईंच्या नवऱ्यानं लगेच हिशेब मांडला: एक जागा रिकामी, एक जण वर सरकणार. "लिफ्ट सुरू झाली!" पण यादीत पुढं कितीजण आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि लिफ्ट काही त्यांच्या मजल्यावर येईना.

शाळेचं वर्ष संपत आलं. मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही आहात ना? मला वेळापत्रक लावायचंय."

डिंकबाईंनी खरं ते सांगितलं. मुख्याध्यापिका कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी कुणासाठी जागा अशी धरून ठेवत नाही. पण वेळापत्रक लावायला मला नेहमीच उशीर होतो, हे सगळ्यांना माहीत आहे." डिंकबाईंना समजायला एक क्षण लागला. इतकी वर्षं ज्या बाईंना आपण वचकून होतो, त्या अशा होत्या तर!

सुट्टी लागली. त्या शनिवारी केंद्रात गेल्या तेव्हा न्हावी निरोप घ्यायला आला होता. दुकान पुन्हा उघडलं होतं. सध्या फक्त केस कापायचे, दाढी अजून नाही. थेरपिस्टबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकं येतात का?" तो म्हणाला, "येतात, पण खुर्चीत बसून माझ्या हाताकडेच बघत राहतात. मी म्हणतो, समोर आरशात बघा, नाहीतर कान जाईल." त्यानं डिंकबाईंना विचारलं, "ताई, तुमचं काय झालं?"

"अजून वाट बघतेय."

"मीही अंगठ्याची वाटच बघत होतो. तो येतो. पण आपण सांगू त्या दिवशी नाही येत."

दोन उत्तरं एकाच आठवड्यात आली. आधी गावातल्या संस्थेचं: यंदाच्या जागा भरल्या आहेत, प्रतीक्षायादी बंद. डिंकबाईंनी ते ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं. या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी अर्धवट चिरलेली काकडी पूर्ण चिरली, मग खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या आणि मनाशी म्हणाल्या, पुढच्या वर्षी. असं म्हणताना त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण ते रागानं म्हटलेलं नव्हतं. त्या खरंच पुढच्या वर्षी अर्ज करणार होत्या. शर्ट घालायचा सरावही करणार होत्या.

आणि मग नव्या, लहानशा संस्थेचा फोन आला. पत्र नाही, फोन. तेच प्राध्यापक, ज्यांना ऐकू येत नव्हतं.

"तुम्हाला प्रवेश दिलाय. पत्र येईलच, पण मला स्वतः सांगायचं होतं. 'गप्प बसून बघणं' हे मला मुलाखतीत दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, आणि एवढं ओरडून तर नाहीच."

डिंकबाई धन्यवाद म्हणाल्या, पुन्हा धन्यवाद म्हणाल्या, मग तिसऱ्यांदा म्हणाल्या. फोन ठेवल्यावर घरात कुणीच नव्हतं. त्यांनी नवऱ्याला फोन केला, तर तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या वरच्या खोलीत होता. "अहो, झालं!" त्या ओरडल्या.

"काय झालं? आवाज तुटतोय!"

"प्रवेश! मला प्रवेश मिळाला!"

पलीकडून आधी काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज आला, मग मदतनिसाचं "काय झालं साहेब?" आणि मग नवऱ्याचा आवाज: "बायको कॉलेजला चाललीय रे माझी." भिंगरीला कळवलं तेव्हा ती मैलोगणती लांब, नव्या खोलीत सामान लावत होती. ती फोनवर नुसती किंचाळली. तिच्या आईनं मात्र शांतपणे विचारलं, "चांगलं झालं गं. म्हणजे आता तू फिजिओ होणार ना?"

मुख्याध्यापिकांचं वेळापत्रक त्या आठवड्यात लागलं. डिंकबाईंचे तास सोमवार ते गुरुवार. वर्गातल्या बाकांखाली त्यांनी सुट्टीतच लहानमोठी खोकी करून ठेवली, ज्याच्या पायाला जसं लागेल तसं. मुलाला फोनवर दटावलं, की आता अभ्यासाला बस, स्पर्धा सुरू झालीय.

वर्ग सुरू झाले तेव्हा त्या सकाळच्या बसनं गेल्या. लहानशी दुमजली इमारत, ताज्या रंगाचा वास, बाकांवर वेगवेगळ्या वयाचे लोक: एक परिचारिका, एक सुतार, एक नुकती बाळंत झालेली बाई, दोन-तीन कॉलेजातून थेट आलेली पोरं. डिंकबाईंच्या केसांत पांढरं सगळ्यात जास्त होतं, आणि डबाही सगळ्यात मोठा त्यांचाच. दुपारपर्यंत निम्मा वर्ग त्या डब्याभोवती जमला होता.

संध्याकाळी नवरा बसथांब्यावर उभा होता. कामाचे कपडेच अंगावर, हाताला वंगण. त्यानं त्यांची पिशवी घेतली आणि वजनानं वाकल्याचं नाटक केलं.

"मग? काय शिकलीस आज?"

"खुर्चीवरून उठायला."

"अख्खा दिवस?"

"अख्खा दिवस. पाय कुठं ठेवायचे, कंबरेतून पुढं कसं वाकायचं, वजन कधी पायांवर येतं, डोकं कधी वर करायचं. आपण किती गोष्टी एकदम करतो माहितीये? मला तर आता उठताना भीतीच वाटतेय."

"आणि उद्या?"

"उद्या बसायचं," डिंकबाई म्हणाल्या, आणि घरापर्यंत त्या त्याला रस्त्यातल्या एकेका माणसाची चाल समजावून सांगत राहिल्या.